श्वासाला हातभार

दसरा उलटला कीं बीड जिल्ह्यांतील कित्येक गांवें रिकामीं होऊं लागतात. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज अशा तालुक्यांतून ऊंसतोडणीच्या टोळ्या बाहेर पडतात आणि पश्चिम महाराष्ट्रांत किंवा कर्नाटकांत साखर कारखान्यांच्या आसपास पांच-सहा महिने कोपी उभारून राहतात. नवरा-बायको मिळून तेथें 'एक कोयता' धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असते, आणि कामाचा दिवस चुकला तर खाड्याचे पैसे कापले जातात; म्हणून अंगांत ताप असो वा छातींत कफ असो, कोयता थांबत नाहीं. पहाटेच्या अंधारांत कोपीच्या तोंडाशीं चूल पेटते. सरपण म्हणजे पाचट, काटक्या, हाताला लागेल तें. कोपीला धुरांडें नसतें. जी स्त्री परकराच्या वयापासून अशा चुलीपुढें बसली, तिनें जन्मांत विडीला हात लावलेला नसला तरी तिच्या छातींत धूर वर्षानुवर्षें जातच राहतो. पंचेचाळिशीच्या सुमारास डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढतांना तिला मध्येंच थांबावें लागतें. घरचीं माणसें म्हणतात, "दमा लागला."

दमा हा शब्द मराठींत फार ऐसपैस आहे. ज्याला धाप लागते त्याला दमा, असा लोकांचा सरळ हिशेब. वैद्यकशास्त्र मात्र येथें दोन व्याधि निरनिराळ्या धरतें. खरा दमा येतो आणि जातो. दोन झटक्यांमध्यें रोगी पुष्कळदां अगदीं मोकळा श्वास घेतो. दुसरी व्याधि एकदां आंत शिरली कीं पाय रोवून बसते. तिला डॉक्टर सी.ओ.पी.डी. म्हणतात. धूर, विडी-सिगारेट आणि धूळ यांनीं श्वासनलिका सुजून अरुंद होतात, त्यांत कफ सांचतो, आणि नलिकांच्या टोकाशीं असलेल्या नाजूक वायुकोशांच्या भिंती हळूहळू विरून जातात. विरलेली भिंत पुन्हां उभी राहत नाहीं. ही तंबाखू ओढणाऱ्यांचीच व्याधि आहे असा समज पाश्चात्त्य ग्रंथांमुळें फार दिवस रूढ होता. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनीं २००९ सालीं 'लॅन्सेट' या नियतकालिकांत जगभरचे पुरावे एकत्र मांडून दाखविलें कीं, या रोग्यांपैकीं शेंकडा २५ ते ४५ जणांनीं कधींच धूम्रपान केलेलें नसतें. चुलीचा धूर हें त्यांतील एक मोठें कारण. भारतांत २०१६ सालीं या व्याधीचे सुमारें साडेपांच कोटि रोगी होते असा अंदाज आहे. १९९० सालीं हा आंकडा पावणेतीन कोटींच्या किंचित् वर होता.

या रोग्याची अडचण श्वास आंत घेण्याची आहे असें पाहणाराला वाटतें. वास्तविक ती श्वास बाहेर सोडण्याची आहे. अरुंद झालेल्या नलिकांतून हवा सावकाश बाहेर पडते, आणि ती पुरती निघून जाण्यापूर्वींच पुढच्या श्वासाची वेळ होते. मग थोडी हवा आंतच कोंडून राहते. श्वासामागून श्वास ही शिल्लक वाढत जाते व फुप्फुसें फुगलेलीं राहतात. छाती आणि पोट यांच्यामध्यें घुमटासारखा जो स्नायूचा पडदा आहे, ज्याला श्वासपटल म्हणतात, तो या फुगवट्यानें खालीं दाबला जाऊन सपाट होतो. घुमट असतांना तो खालीं सरकून हवा आंत ओढूं शकत होता. सपाट झाल्यावर सरकण्यास त्याला जागाच उरत नाहीं. काठोकाठ भरलेल्या कणगींत आणखी धान्य ओतूं पाहावें, तशी ही धडपड असते.

त्यांत आणखी एक भानगड आहे. कोंडलेल्या हवेचा आंतून बाहेर दाब असतो. दाराआड कोणी माणूस उभा राहून दार लोटून धरीत असेल, तर बाहेरच्याला प्रथम त्याच्या जोराइतका जोर लावावा लागतो आणि मगच दार हलूं लागतें. तसेंच या रोग्याच्या स्नायूंना प्रत्येक श्वासाच्या आरंभीं आंतला दाब आधीं फेडावा लागतो. तो फिटेपर्यंत हवेचा एक कणहि आंत येत नाहीं. निरोगी माणसाला श्वास घेण्याचे श्रम जाणवतहि नाहींत. या रोग्याला मात्र दिवसरात्र, मिनिटाला तीस-तीस वेळां, हें ओझें उचलावें लागतें.

थंडींत सर्दी-पडसें झालें, छातींत जंतूंचा संसर्ग झाला, कीं हा जेमतेम चाललेला गाडा अडतो. स्नायू थकतात. श्वास उथळ होतो. शरीरांत तयार होणारा कार्बन डायॉक्साइड वायु बाहेर टाकला जात नाहीं व तो रक्तांत सांचूं लागतो. धमनींतील रक्तांत या वायूचा दाब साधारणतः ३५ ते ४५ मिलिमीटर असतो. तो साठ, सत्तर, नव्वद असा चढत जातो आणि रक्ताची आम्लता वाढते. आम्लता मोजण्याच्या मापावर निरोगी रक्ताचा आंकडा ७.३५ ते ७.४५ यांमध्यें असतो. हा आंकडा जितका खालीं जाईल तितकी आम्लता अधिक, ७.३५ च्या खालीं आला कीं धोका सुरू होतो, ७.२५ च्या खालीं गेला कीं प्राणाशीं गांठ पडते. बाहेरून याचीं लक्षणें फसवीं असतात. रात्रभर तळमळणारा, बसून राहिलेला रोगी पहाटे गुंगूं लागतो, विचारलेल्याला भलतेंच उत्तर देतो, त्याचे हात फडफडतात आणि मग तो शांत झोपतो. घरच्यांना बरें वाटतें कीं एकदांची झोप लागली. ती झोप नव्हे. ती सांचलेल्या वायूची गुंगी असते. अशा वेळीं त्याला पडून राहूं देणें हें मायेपोटीं केलेलें पण घातक कृत्य ठरतें.

दवाखान्यांत आणल्यावर पहिला उपाय सुचतो तो प्राणवायूचा. तो द्यावयाचा असतोच. परंतु किती, हा प्रश्न येथें इतर कोणत्याहि रोगापेक्षां अधिक नाजूक आहे. वायूची चावी पूर्ण उघडून नळी नाकाला लावली तर बोटाला लावलेल्या मापकावर आंकडा सुरेख दिसूं लागतो, आणि त्याच वेळीं कार्बन डायॉक्साइड वर चढत जातो. पूर्वीं शिकवीत कीं अशा रोग्याची श्वासाची प्रेरणाच प्राणवायूच्या उणीवेवर टिकलेली असते व ती उणीव भरतांच तो श्वास घेणें थांबवितो. आज हें अर्धेंच खरें मानतात. फुप्फुसाच्या निकामी भागांकडे जाणारें रक्त शरीरानें शहाणपणानें आंखडलेलें असतें. फाजील प्राणवायु मिळतांच तें रक्त पुन्हां त्या निकामी भागांकडे वळतें आणि वायु बाहेर टाकल्यावांचून तसेंच परत येतें. शिवाय प्राणवायूनें भरलेलें रक्त कार्बन डायॉक्साइड धरून ठेवण्यास नाखूष असतें, म्हणून तो वायु त्यांत मोकळा होतो. कारण कोणतेंहि असो, परिणाम मोजलेला आहे. ऑस्ट्रेलियांतील टास्मानिया बेटावर रुग्णवाहिकेंतच दोन रीतींची तुलना करण्यांत आली व २०१० सालीं तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. धाप लागलेल्या ४०५ रोग्यांपैकीं ज्यांना सढळ हातानें प्राणवायु दिला त्यांच्यांत शेंकडा ९ दगावले. ज्यांना मापकावरील आंकडा ८८ ते ९२ यांमध्यें राहील इतकाच बेतानें दिला, त्यांच्यांत शेंकडा ४. म्हणून या रोग्याच्या बाबतींत ९८ हा आंकडा समाधानाचा नव्हे, काळजीचा समजावा.

बेतानें प्राणवायु दिला, नळीवाटे औषधाचा फवारा दिला, सूज उतरविणारीं औषधें दिलीं, आणि तरीहि स्नायूच थकलेले असतील तर काय करावें? थकलेल्या स्नायूंना हातभार लावणें एवढेंच उरतें. पूर्वीं याचा एकच मार्ग होता. रोग्याला गुंगीचें औषध देऊन तोंडांतून श्वासनलिकेंत रबरी नळी सरकवावयाची आणि ती व्हेंटिलेटरला जोडावयाची. अनेकांचे प्राण या नळीनें वांचले आहेत, तेव्हां तिची निंदा करणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु नळीला किंमत पडते. बोलणें, गिळणें, खोकून कफ काढणें बंद होतें. नळीच्या वाटेनें जंतु फुप्फुसांत उतरतात. आणि या व्याधीच्या रोग्याचे आधींच दुबळे स्नायू यंत्राला सोंकावले कीं नळी काढणें कठीण होऊन बसतें.

नळीवांचून श्वासाला मदत करण्याची कल्पना मात्र नळीइतकीच जुनी आहे. १९२८ सालीं अमेरिकेंत बॉस्टन येथें फिलिप ड्रिंकर आणि लुई ॲगासी शॉ यांनीं एक लोखंडी पिंप बनविलें. रोग्याचें डोकें तेवढें बाहेर आणि बाकीचें शरीर पिंपांत. पिंपांतील हवा आळीपाळीनें विरळ केली कीं छाती आपोआप फुगे व हवा आंत जाई. पोलिओनें श्वास बंद पडलेल्या शेंकडों मुलांना या 'लोखंडी फुप्फुसानें' जगविलें. पुढें १९५२ सालीं डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरांत पोलिओची मोठी सांथ आली, पिंपें पुरेनात. ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानें गळ्याला छेद देऊन नळी बसविण्याचा व तिच्यांतून हातानें हवा भरण्याचा मार्ग सुचविला, आणि सुमारें दीड हजार विद्यार्थ्यांनीं पाळ्या लावून रोग्यांच्या उशाशीं बसून रबरी पिशव्या दाबल्या. त्या दिवसापासून नळीचें राज्य सुरू झालें व पिंपें अडगळींत गेलीं.

नळीला खरा पर्याय आला तो भलत्याच दिशेनें. ऑस्ट्रेलियांत सिडनी येथें कॉलिन सलिव्हन हे घोरणाऱ्या रोग्यांवर काम करीत होते. झोपेंत ज्यांचा गळा मिटून श्वास अडतो अशांच्या नाकावर मुखवटा बसवून, केर ओढण्याच्या यंत्राची मोटर उलटी लावून, त्यांनीं हवेचा सौम्य दाब दिला. गळा उघडा राहिला. १९८१ सालीं हा प्रयोग प्रसिद्ध झाला, आणि माणूस रात्रभर मुखवटा लावून झोपूं शकतो ही गोष्ट सिद्ध झाली. त्यावरूनच पुढें दोन पातळ्यांचा दाब देणारें यंत्र निघालें. त्याला सर्वत्र 'बायपॅप' म्हणतात. २०२० व २०२१ च्या कोरोनाच्या सांथींत हा शब्द खेड्यापाड्यांतील माणसांच्या तोंडीं बसला.

यंत्र दिसावयास लहान, एखाद्या शिवणयंत्राच्या पेटीएवढें. त्यांत हवा फुंकणारा पंखा असतो, एक लवचिक नळी असते व नाकातोंडावर घट्ट बसणारा मुखवटा असतो. रोगी श्वास घेऊं लागला कीं यंत्राला तें तत्क्षणीं कळतें व तें दाब वाढवितें. श्वास सोडूं लागला कीं दाब उतरवितें. पाण्याच्या स्तंभाच्या मापानें पाहतां खालचा दाब चार-पांच सेंटिमीटर ठेवतात व वरचा दहा-बारापासून सुरू करून रोग्याला सोसेल तसा पंधरा, वीस असा चढवितात. वर दाराचा दृष्टान्त दिला आहे. खालचा दाब म्हणजे बाहेरून तेवढ्याच जोरानें दार रेटून धरणारा मदतनीस. त्यामुळें रोग्याला आंतला दाब एकट्यानें फेडावा लागत नाहीं. वरचा दाब म्हणजे दार हलल्यावर तें सताड उघडून देणारा हात. श्वास खोल होतो, सांचलेला वायु बाहेर पडतो, आणि मुख्य म्हणजे थकलेले स्नायू विसावतात. श्वास रोग्याचाच असतो. यंत्र केवळ त्याला साथ करतें.

सांगावयास हें सोपें. प्रत्यक्षांत पहिला तास फार कठीण जातो. आधींच ज्याचा जीव घुसमटला आहे त्याच्या तोंडावर मुखवटा आवळला कीं तो दोन्ही हातांनीं ओढून फेकतो. येथें यंत्रापेक्षां परिचारिकेची योग्यता अधिक. पट्टे न बांधतां मुखवटा नुसता हातानें चेहऱ्याशीं धरावा, कमी दाबानें आरंभ करावा, "काकू, हवा येईल ती येऊं द्या, तिच्याशीं भांडूं नका" असें हळूहळू समजवावें, आणि रोग्याची लय यंत्राशीं जुळली म्हणजे मगच पट्टे लावावे. दाढी असली, दांत नसून गाल आंत गेले असले, कीं कडेनें हवा निसटते. म्हाताऱ्या रोग्यांची कवळी काढून ठेवण्याची घाई पुष्कळ ठिकाणीं केली जाते. मुखवटा नीट बसावयाचा तर ती पुष्कळदां तोंडांतच असलेली बरी. नाकाच्या घोण्यावर जखम होऊं नये म्हणून आधींच पट्टी चिकटवावी. तासा-दोन तासांनीं धमनींतील रक्त पुन्हां तपासावें. आम्लता उतरूं लागली, श्वासाची गति मंदावली, तर बहुधा रोगी तरला. आंकडे हलत नसतील तर नळीचा निर्णय तेव्हांच घ्यावा. मुखवट्यावर भरंवसून तो सकाळपर्यंत लांबविणें हा या उपचाराचा सर्वांत मोठा गैरवापर होय.

या उपायाचें माप शास्त्रीय कसोटीवर घेतलेलें आहे. फ्रान्सचे लॉरां ब्रोशार व त्यांच्या सहकाऱ्यांनीं युरोपांतील पांच रुग्णालयांत ८५ रोग्यांची तुलना करून १९९५ सालीं जें प्रसिद्ध केलें तें डोळे उघडणारें होतें. नेहमींच्या उपचारांनीं शेंकडा ७४ जणांना नळी घालावी लागली, मुखवटा लावलेल्यांत शेंकडा २६ जणांना. मृत्यूचें प्रमाण शेंकडा २९ वरून ९ वर आलें. पण त्या मोठ्या रुग्णालयांतील अतिदक्षता विभागांच्या गोष्टी. बीडसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीनें अधिक मोलाचा प्रयोग इंग्लंडमध्यें झाला. तेथील १४ रुग्णालयांत, अतिदक्षता विभागांत नव्हे तर साध्या वॉर्डांत, थोड्या प्रशिक्षणानंतर परिचारिकांनींच २३६ रोग्यांवर हें काम चालविलें. २००० सालीं निष्कर्ष निघाले: नळीची गरज शेंकडा २७ वरून १५ वर आणि मृत्यु शेंकडा २० वरून १० वर. मात्र ज्यांची आम्लता फार वाढलेली होती, आंकडा ७.३० च्या खालीं होता, त्यांना साध्या वॉर्डांत अपेक्षेइतका लाभ झाला नाहीं. तेव्हां वेळेवर पोहोंचणाराला साधा वॉर्डहि पुरतो, उशीर झालेल्याला पुरत नाहीं, असा त्याचा अर्थ होतो.

अंबाजोगाईचें महत्त्व येथें येतें. निजामी अमलांत मोमिनाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गांवीं, ज्यांनीं एके काळीं येथील योगेश्वरी विद्यालयांत शिकविलें त्या स्वामी रामानंद तीर्थांच्या नांवाचें ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९७४ सालीं सुरू झालें. ग्रामीण भागांत निघालेलें आशियांतील पहिलें वैद्यकीय महाविद्यालय असा त्याचा लौकिक आहे. परळी, केज, धारूर येथील रोग्याला तें हाताशीं आहे; बीड शहरीं जिल्हा रुग्णालय आहे. आष्टी-पाटोद्याकडच्या माणसाला मात्र अंबाजोगाई गांठावयाची तर जिल्हा आडवा ओलांडावा लागतो, त्यापेक्षां अहिल्यानगर जवळ. आणि जो रोगी ऊंसाच्या फडांत परजिल्ह्यांत आहे, त्याचें रुग्णालय कोणतें, हें त्याला स्वतःलाहि ठाऊक नसतें. ज्या चार घटकांत मुखवट्यानें काम होतें त्या घटका वाटेंतच सरतात.

उशीर होण्याचें दुसरें कारण रस्त्याचें नसून मनाचें आहे. "एकदां मशीन लावलें कीं माणूस परत येत नाहीं" ही समजूत सर्वत्र ऐकूं येते. कोरोनाच्या काळांत ती पक्की झाली, आणि त्या काळचें दुःख लक्षांत घेतां लोकांना नांवें ठेवण्यांत अर्थ नाहीं. परंतु त्या सांथींतील फुप्फुसाचा दाह निराळा व ही व्याधि निराळी. तेथें फुप्फुसच भरून गेलेलें असे. येथें फुप्फुसाला हवा पोहोंचविणारे स्नायू दमलेले असतात, आणि दमलेल्याला विसावा दिला कीं तो उठतो. शिवाय मुखवटा म्हणजे नळी नव्हे. तो काढतां येतो. रोगी मधूनमधून चहाचे घोट घेऊं शकतो, नातवाशीं दोन शब्द बोलूं शकतो. पुष्कळांना दोन-तीन दिवसांत त्याची गरज उरत नाहीं. सही करतांना कचरणाऱ्या मुलाला डॉक्टरांनीं हा फरक नीट सांगितला पाहिजे, आणि तो सांगण्यास लागणारीं पांच मिनिटें हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

मुखवटा सर्वांना चालतो असें मात्र नाहीं. ज्याला सारख्या उलट्या होत आहेत, ज्याच्या चेहऱ्याला जखम आहे, ज्याचा रक्तदाब कोसळला आहे, ज्याला कफ गिळतां वा काढतां येत नाहीं, त्याला नळीच योग्य. वायूनें गुंगलेल्या रोग्यावर जाणकार देखरेखीखालीं मुखवटा लावून पाहतात, आणि तो तासाभरांत डोळे उघडून घरच्यांची नांवें घेऊं लागल्याचे अनुभव डॉक्टरांना आहेत.

घरीं नेण्याच्या यंत्राविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे, कारण त्याची विक्री वाढली आहे. रुग्णालयांतून सुटल्यावर दोन ते चार आठवड्यांनीं रक्त तपासलें आणि तरीहि कार्बन डायॉक्साइडचा दाब ५३ मिलिमीटरच्या वर टिकून असला, तर अशा निवडक रोग्यांना रात्रीं घरीं यंत्र लावण्याचा लाभ होतो. इंग्लंडमध्यें ११६ रोग्यांवर केलेल्या व २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत पुन्हां रुग्णालयांत दाखल होण्याची किंवा मृत्यूची वेळ सरासरीनें १.४ महिन्यांवरून ४.३ महिन्यांवर गेली. ज्याचा वायु आपोआप उतरला त्याला तें यंत्र घेऊन देणें म्हणजे पैशाचा अपव्यय. रक्त न तपासतां, केवळ धाप लागते म्हणून यंत्र विकत घेण्याचा सल्ला कोणी देईल तर आधीं तपासणीचा कागद मागावा. प्राणवायु तयार करणारें घरगुती यंत्र आणि बायपॅप हीं दोन निराळीं यंत्रें आहेत. एक प्राणवायु देतें, दुसरें श्वासाला जोर देतें, आणि एकाच्या जागीं दुसरें चालत नाहीं.

यंत्र घेतलेंच तर वीज जाईल त्या वेळची तजवीज आधीं करावी. इन्व्हर्टर नसेल तर रात्र निभावणारी बॅटरी मागून घ्यावी. हवा गाळणारा कापडी तुकडा बीडच्या धुळींत लवकर काळा पडतो, तो कंपनीनें लिहिलेल्या मुदतीपूर्वींच बदलावा लागतो. परळीच्या वीजकेंद्राची राख जेथें उडते तेथें तर आठवड्यालाच पाहावा. मुखवटा रोज सकाळीं साबणाच्या पाण्यानें धुऊन सांवलींत वाळवावा, उन्हांत नव्हे. उन्हानें त्याची कड कडक होते व हवा निसटूं लागते. आणि ज्या खोलींत यंत्र ठेवावयाचें त्या खोलींत चूल असूं नये. पंखा हवा ओढतो ती खोलींतलीच.